मदत हवी आहे : कुटुंबाच्या मोटारीमागे ओढण्यासाठी हलका कॅम्पिंग ट्रेलर

नमस्कार. आम्ही म्युनिकमध्ये राहतो. पुढच्या उन्हाळ्यात दोन शाळकरी मुलांसह आल्प्समधील ब्रेनर खिंडीतून इटलीतील गार्डा सरोवराकडे जाण्यासाठी वापरलेला, हलका ट्रेलर घ्यायचा आहे. नोंदणीपत्रानुसार आमची पेट्रोल मोटार स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर १२०० किलोपर्यंत, तर बिनब्रेकचा ६०० किलोपर्यंत ओढू शकते. मोटारीच्या हुकवर पडणारा ट्रेलरचा भार ७५ किलोंच्या आत हवा. परवाना बी वर्गाचा (साध्या मोटारीचा) आहे आणि मोटार व ट्रेलर यांचे मिळून अनुज्ञेय वजन (सामानासह जास्तीत जास्त परवानगी असलेले वजन) ३५०० किलोंपेक्षा कमीच राहील, त्यामुळे तो प्रश्न नाही.

टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर) पाहिला, पण त्यात दोघांचीच झोपायची सोय होते. घडीचा तंबू-ट्रेलर भाड्याने घेऊन पाहिला. तो ओढायला फार सुखाचा आणि आरशातून मागचा रस्ताही स्वच्छ दिसतो, मात्र पावसात मिटवलेले कापड फ्लॅटमध्ये वाळवायला जागा नसल्याने त्याला लगेच कुबट वास येऊ लागला. म्हणून आता पक्क्या भिंतींच्या, ब्रेक असलेल्या छोट्या कॅराव्हॅनकडे कल आहे. ती उभी करण्यासाठी उघडी जागा भाड्याने मिळणार आहे.

विक्रेते रिकामे वजन सांगतात, पण गॅस सिलिंडर, पाणी, बॅटरी आणि दारापुढे लावायचा कापडी मांडव धरल्यावर सामानासाठी काय उरते, ते सांगत नाहीत. अनुज्ञेय वजन १००० किलो असलेल्या कॅराव्हॅनमध्ये चौघांचे सामान प्रत्यक्षात बसते का, की १२०० किलोंचीच घ्यावी? आणि तेवढे वजन घेऊन ब्रेनरचा सुमारे १३७० मीटरचा माथा चढताना अशा मोटारीचा क्लच व इंजिनाचे तापमान कसे राहते?