शाळेच्या ग्रंथालयासाठी दुवे जमवायला काय वापरावं?

मुलुंडची ग्रंथपाल: मराठी माध्यम, पाचवी ते दहावी. प्रकल्पांसाठी विषयवार दुवे, पीडीएफ, व्हिडिओ एका जागी लावायचेत. पॅडलेट (चिठ्ठ्या लावायचा ऑनलाइन फलक), रेनड्रॉप (दुवे साठवायचं साधन) की गूगल साइट्स (संकेतस्थळ बनवायचं साधन)? पैसे मिळणार नाहीत. मुलं घरच्यांच्या मोबाइलवर बघतात.

पुस्तकी_किडा: जमवायला रेनड्रॉप, दाखवायला गूगल साइट्स. रेनड्रॉपच्या फुकट खात्यात दुवे हवे तेवढे ठेवा, आणि सगळा साठा सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलीत) उतरवता येतो. ही सोय नसेल त्या साधनाच्या वाटेला जाऊ नका. जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा गूगलचाच होता, तरी ३१ डिसेंबर २०२४ ला गुंडाळला. पॅडलेट देखणं, पण फुकटात मोजकेच बोर्ड. मुलांचे अभिप्राय घ्यायला ठेवा, आधी तुमची मंजुरी लागेल अशी सोय चालू करून.
खातं शाळेच्या नावाचं हवं. बाईंच्या खासगी जीमेलवर साइट असली की बाई निवृत्त, साइट बेवारस.

दादरकर: साइट्समध्ये हमखास अडतं ते इथे: साइट उघडते, आतली पीडीएफ मात्र परवानगी मागते. कारण ड्राइव्हमधल्या फाइलची परवानगी वेगळी द्यावी लागते. फोल्डरलाच ‘दुवा असलेला कोणीही, फक्त पाहण्यासाठी’ करा. शाळेच्या वर्कस्पेसवर (गूगलच्या संस्थांसाठीच्या खात्यांवर) हा पर्यायच दिसत नसेल, तर अ‍ॅडमिनने बाहेर शेअर करणं बंद ठेवलंय. तपासताना खात्यातून बाहेर पडून, इन्कॉग्निटोत (ब्राउझरच्या खासगी खिडकीत), मोबाइल डेटावर उघडा.
मुलांची खाती उघडूच नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे, म्हणजे पालकांची संमती आली. नुसतं बघायला खातं कशाला?

सूचीकार: साधनावर एवढा खल, आणि दुव्याखाली टीप कोणीच लिहीत नाही! टिपेशिवाय पन्नास दुवे म्हणजे रद्दीचा गठ्ठा. अशी लिहा: ‘मिठी नदी, आठवी. फक्त पुराचा भाग वाचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला जेमतेम ७३. असं का?’ एका विषयाला सात-आठ दुवे पुष्कळ.
टॅगची यादी आधी ठरवा. एकीने ‘पर्यावरण’, दुसरीने ‘परिसर’ लिहिलं की शोध फसतो. स्टोरीवीव्हर या बालपुस्तकांच्या संकेतस्थळावरची पुस्तकं मुक्त परवान्याची आहेत, श्रेय देऊन खुशाल वापरा. बाकीच्यांचा दुवाच द्या, पीडीएफ चढवू नका.

मुलुंडची ग्रंथपाल: कपाटांवर क्यूआर लावले तर?

दादरकर: लावा, पण क्रोमच्या ‘शेअर’मधून काढलेला. फुकट संकेतस्थळांवरचे ‘डायनॅमिक’ कोड त्यांच्या सर्व्हरवरून फिरून येतात; मुदत संपली की छापलेला कागद वाया. कोड साइटच्या पानाचा द्या, आतले दुवे मग कितीही बदला.