मदत हवी आहे: रोज सकाळी अंगावर नव्या पुळ्या, किडा मात्र दिसत नाही

त्रस्त_कोथरूड
चार दिवस झाले. सकाळी उठलं की लाल पुळ्या, भयंकर खाज. गादी उलटून पाहिली, ढेकूण नाहीत. पेस्ट कंट्रोल करून टाकू का? लवकर सांगा.

आठपाय
पुळ्या उघड्या अंगावर की कपड्याखाली? घरात आणखी कोणाला?

पावशा
ॲसिड किडा! काळा-केशरी, सेंटिमीटरभरही नसतो, पावसाळ्यात ट्यूबलाइटवर येतो. अंगावर बसला तर फुंकरीने उडवा, मारू नका. चिरडला की विष लागतं. लगेच साबणाने धुवा.

आठपाय
त्याने आग होते, फोडांचा पट्टा उठतो, तोही दुसऱ्या दिवशी. लोक नागीण समजतात. इथे खाज आहे आणि पुळ्या रोज नव्या.

खाटखूट
नुसती गादी पाहून ढेकूण नाहीत म्हणू नका. पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, डोक्याकडची फळी बॅटरीने बघा. काळे ठिपके असतील तर ओलं पांढरं फडकं दाबा; तांबूस-काळं पसरलं की ती ढेकणांची घाण.

निंबोणी
कडुनिंबाचा पाला जाळा. सगळं जातं.

खाटखूट
ढेकूण फटीत आणखी आत सरकतात, बाकी काही जात नाही.

त्रस्त_कोथरूड
कमरेला, पोटावर, काखेत. बायकोलाही. मुलगा दुसऱ्या खोलीत झोपतो, त्याला काही नाही. एसीच्या बाहेरच्या युनिटखाली कबुतराचं घरटं होतं, ते रविवारी काढून टाकलं. पण त्याचा काय संबंध?

आठपाय
अहो, हेच आधी सांगायचं! घरट्यातले माइट. पक्षी गेला की उपाशी माइट पाइपच्या फटीतून आत येतात. अर्ध्या ते एक मिलिमीटरचे, करडे. रक्त प्यायले की लाल. आज रात्री खिडकीच्या चौकटीत आणि पाइपच्या फटीपाशी चिकटपट्टी लावा, चिकट बाजू वर. सकाळी भिंगाने पाहा.

खाटखूट
खरूज कशावरून नाही? दोघांना आहे.

आठपाय
पहिल्यांदा होणाऱ्या खरजेला खाज सुटायलाच काही आठवडे जातात, आणि बोटांच्या बेचक्या, मनगटं सुटत नाहीत. तरी डॉक्टरांना बेचक्या दाखवा.

त्रस्त_कोथरूड
पट्टीवर सात-आठ ठिपके. दोन लाल आहेत, एक पाय हलवतोय!

आठपाय
मग गादीवर औषध मारू नका. बाहेरची विष्ठा आधी पाण्याने भिजवा, एन ९५ मास्क लावून खरवडा. कोरडी झाडली तर धूळ फुप्फुसात जाते. फवारणी कट्ट्यावर आणि युनिटखाली. पाइपभोवतीची फट सिलिकॉनने बुजवा. चादरी ६० अंशांवर धुवा. माणसाच्या रक्तावर ते वंश वाढवत नाहीत, त्यामुळे अंगाला मलमांचे थर नकोत.

निंबोणी
कबुतरजाळी चौरस फुटाला किती पडते हल्ली?