मनगटाजवळ जायंट सेल ट्यूमर: खरवडायचा की हाडाचा तुकडाच काढायचा?

मंडळी, मदत हवी आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या मनगटाजवळ, रेडियस या कोपरापुढच्या हाताच्या हाडाच्या टोकाला, जायंट सेल ट्यूमर निघालाय. बायोप्सी झाली, कॅन्सर नाही. पण गाठ हाडाचं कवच पोखरून एका बाजूने बाहेर डोकावतेय, आणि साधी पाण्याची बाटली उघडायची तरी तिला डावा हात पुढे करावा लागतो.

एका डॉक्टरांचं म्हणणं, गाठ खरवडून काढू, आतली भिंत बरने (गरगर फिरणाऱ्या घासणीने) घासू आणि पोकळीत बोन सिमेंट भरू. सांधा वाचतो, मनगट बऱ्यापैकी वळतं, पण गाठ परत येण्याची शक्यता जास्त. दुसरे म्हणतात, कवच फुटलंय, तेव्हा टोकच काढा आणि पायातल्या फिब्युलाचा (पोटरीच्या बाजूच्या बारीक हाडाचा) वरचा भाग तिथे बसवा. त्यात गाठ परतण्याची भीती कमी, पण हालचाल घटते, आणि पायाची नस दुखावण्याचा धोका वेगळाच. मनगट कायमचं जखडून टाकण्याचा पर्यायही आहेच. पकड मजबूत राहते म्हणे, पण तिशीतल्या बाईला हे सांगायचं कसं?

डेनोसुमॅबचं इंजेक्शन आधी देऊन गाठ कडक करण्याचीही चर्चा झाली. त्यानंतर खरवडलं तर कडक कवचात पेशी लपून राहतात, असंही ऐकलं. मग ते घ्यावं का?

फिब्युला बसवलेलं कुणी आहे का इथे? लिहिणं, स्वयंपाक, गाडी, कितपत जमतं? आणि सिमेंटवाल्यांनो, पुढे एक्स-रे किती वर्षं काढत राहावे लागले?