रॉबिन सिंगवर अन्याय झाला की जेवढं मिळालं तेवढंच त्याचं होतं?

पायरीवरचा
परवा भावाशी फोनवर वाद झाला आणि तो अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून इथं टाकतोय. त्याचं म्हणणं, भारताचा जुना ऑलराउंडर रॉबिन सिंग हा नव्वदीच्या आठवणींनी मोठा झालेला प्लेयर, आकडे काढ आणि बघ. काढले. १३६ वनडे, २३३६ रन, सरासरी २६ च्या जरा खाली, शतक एकच. विकेट ६९, त्या पण ४३ च्या सरासरीनं. टेस्ट तर एकच, १९९८ ला हरारेत झिम्बाब्वेविरुद्ध, आणि ती आपण हरलो. म्हणजे कागदावर भाऊ बरोबर आहे, पण मला हे पटत नाही म्हणजे नाहीच.

हा माणूस १९६३ ला त्रिनिदादच्या प्रिन्सेस टाउनमधे जन्मला, तिथल्या ज्युनियर टीमचा कॅप्टन होता, तिथेच राहिला असता तर वेस्ट इंडीजकडून खेळायची स्वप्नं बघितली असती. १९८४ च्या सुमारास मद्रासला आला, शिकला, तिथेच खेळायला लागला, १९८७-८८ ला तमिळनाडूनं रणजी जिंकली त्या टीममधे होता (त्यांनी त्याआधी जिंकलेली ती १९५४-५५ ला!). मग त्रिनिदादचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला आणि १९८९ च्या मार्चमधे वेंगसरकरच्या टीमबरोबर वेस्ट इंडीजला गेला. पहिली वनडे कुठं, तर पोर्ट ऑफ स्पेनला! स्वतःच्या जन्मगावच्या बेटावर, समोर रिचर्ड्सची टीम, आणि अंगात भारताचा ड्रेस. त्या दौऱ्यात दोन मॅच दिल्या आणि त्यानंतर थेट १९९६ चा टायटन कप. २५ वर्षांचा असताना बाहेर काढला आणि ३३ वर्षांचा झाल्यावर आत घेतला. ऑलराउंडरची सगळ्यात चांगली वर्षं हीच ना? ती कुणी खाल्ली?

गुडलेंथ
खाल्ली बिल्ली कुणी नाही. त्या वर्षांत टीममधे कोण होतं ते आठव. कपिल १९९४ पर्यंत खेळला, प्रभाकर १९९६ च्या वर्ल्डकपपर्यंत. दोघंही नवा बॉल टाकायचे आणि बॅटिंग पण करायचे, प्रभाकर तर ओपनिंगला जायचा. मग मिडियम पेसवाला तिसरा ऑलराउंडर ठेवायचा कुठं? प्रभाकर मार्च ९६ ला संपला आणि रॉबिन नोव्हेंबर ९६ ला आला, तारखा जुळवून बघ, जागा रिकामी झाली आणि माणूस आला. याला अन्याय म्हणत नाहीत.

आणि ४३ ची बोलिंग सरासरी ही काही छोटी गोष्ट नाही. वनडेत ४३ म्हणजे तो विकेट काढणारा बोलर नव्हताच, पाचव्या बोलरच्या ओव्हर भरून काढायचा. ते काम सचिन आणि गांगुली पण करत होते.

चेपॉक ते चिंचवड
मी सहा वर्षं चेन्नईत नोकरीला होतो. तिथल्या लोकांशी क्रिकेटवर बोलायला लागलं की दहा मिनिटांत रॉबिनचं नाव येतंच आणि ते त्याला बाहेरचा धरत नाहीत, आपला मुलगा म्हणून बोलतात. फर्स्ट क्लासमधे त्याची सरासरी ४६ च्या आसपास आहे आणि वीसच्या वर शतकं. हे पाचव्या बोलरचे आकडे नाहीत, हे बॅट्समनचे आकडे आहेत, आणि ती बॅटिंग कुणी बघितलीच नाही कारण भारताकडून खेळताना तो कायम सहा-सात नंबरला, शेवटच्या आठ-दहा ओव्हरला यायचा. तिथं सरासरी कशी वाढणार? गुडलेंथ, तुझा मुद्दा ऑलराउंडरच्या जागेपुरता ठीक आहे पण बॅट्समन म्हणून पण कुणी विचार केला नाही ना.

साधनाताई
थोडं वेगळं लिहिते. वर 'बाहेरचा' हा शब्द आलाय आणि अशा चर्चेत कुणीतरी म्हणतंच की तो त्रिनिदादचा म्हणून मागे ठेवला. याला पुरावा मला कुठं दिसलेला नाही, त्यामुळे ते धरून बसू नये. पण मला त्याच्या गोष्टीत दुसरंच दिसतं. १८४५ पासून आपले लोक गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून त्रिनिदादला ऊस तोडायला नेले गेले, करार संपला तरी बहुतेक तिथेच राहिले, तिथलेच झाले. रॉबिनचं घराणं त्याच भारतीय वंशाच्या लोकांतलं. त्या समाजातला एक मुलगा उलट्या दिशेनं येतो, ना हिंदी धड ना तमिळ, एका नव्या शहरात राहतो आणि तिथला होऊन जातो. त्याला स्थलांतरित म्हणायचं का परत आलेला म्हणायचं हेच मला कळत नाही. अन्यायाचं तुम्ही बघा, पण २०-२१ व्या वर्षी घरदार सोडून असा डाव लावणाऱ्याला दोन मॅच देऊन साडेसात वर्षं विचारलंच नाही, हे वाचताना मला तरी वाईट वाटतं.

लेगकटर ९९
सगळे प्रेमानं बोलताय म्हणून कुणीतरी लेस्टर काढायला हवं. १९ मे १९९९, वर्ल्डकप, झिम्बाब्वेविरुद्ध. वडील गेले म्हणून सचिन घरी आलेला. २ ओव्हर बाकी, ९ रन हवेत, ३ विकेट हातात आणि सेट झालेला बॅट्समन म्हणजे ३५ वर खेळणारा रॉबिन. ओलोंगाच्या ओव्हरला कव्हरला कॅच दिला. मग श्रीनाथ, मग प्रसाद, त्याच ओव्हरमधे खेळ खलास, ३ रननी हरलो. फिनिशर म्हणायचं तर अशी मॅच संपवायची असते. मी तेव्हा बारावीत होतो, त्या रात्री जेवलो नव्हतो. माफ करणार नाही.

पायरीवरचा
लेगकटर, जेवलो तर मी पण नव्हतो. पण त्याच मॅचमधे आपण ५१ एक्स्ट्रा दिल्या होत्या! एक्कावन्न. वर ओव्हर हळू टाकल्या म्हणून चेसच्या चार ओव्हर कापल्या गेल्या. आणि ३ रननी हरल्याचा दोष एका कॅचवर? शेवटपर्यंत उभा राहिला तो, म्हणून आउट झालेला आपल्याला दिसला, बाकीचे आधीच आत जाऊन बसले होते. आठवड्यात टाँटनला श्रीलंकेविरुद्ध ३१ रनमधे ५ विकेट काढल्या त्यानं, पण ती मॅच गांगुलीच्या १८३ आणि द्रविडच्या १४५ ची म्हणूनच लक्षात राहिली.

आता ढाका घे. १८ जानेवारी १९९८, रविवार, इंडिपेन्डन्स कपची तिसरी फायनल. पाकिस्तान ३१४, अन्वर १४०, इजाज ११७. तेव्हा ३१५ कुणी चेस केलेच नव्हते जगात. सचिन २६ बॉलमधे ४१ करून गेला आणि आमच्या चाळीत अर्धे लोक उठून गेले. तिसऱ्या नंबरला रॉबिन! सगळे म्हणाले आता हा कशाला. त्यानं ८२ केले, गांगुलीबरोबर १७९ ची पार्टनरशिप. शेवटी आपल्या पुण्याच्या हृषीकेश कानिटकरनं सकलेनला फोर मारली, एक बॉल बाकी ठेवून, आणि पुण्यात आम्ही सगळे कानिटकर कानिटकर करत रस्त्यावर आलो. मी पण. रॉबिनचं नाव त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणीही घेतलं नाही आणि त्याचं मला आज वाईट वाटतं, खरंच.

मॅटवरचा कोच
मी पोरांना शिकवतो, सुट्टीच्या दिवशी सकाळी, मॅटिंगवर. आकड्यात न येणारी एक गोष्ट सांगतो. पॉइंटला पोरगं उभं असलं की बॉल मारल्यावर ते आधी टाचेवर जातं आणि मग निघतं, त्या अर्ध्या सेकंदात सिंगल गेली. रॉबिनचे जुने व्हिडिओ लावून बघा, बॉलर बॉल सोडायच्या आधी हा चवड्यांवर पुढे येत असतो, गुडघे वाकलेले, हात खाली, बॉल जमिनीलगत आला की अंग टाकून देतो आणि पडल्या पडल्या दुसऱ्या हातावर उठून थ्रो. चौतीस-पस्तीस वर्षांचा माणूस हे करतोय! अझर आणि अजय जडेजा सोडले तर त्या टीममधे डाइव्ह मारणारं दुसरं कोण होतं? युवराज-कैफ आले २००० नंतर. बॅटिंगला पण तेच, एक रन पळताना दुसऱ्यासाठी वळतानाच बॅट कुठल्या हातात घ्यायची हे आधीच ठरलेलं असायचं. एका मॅचमधे असे १५-२० रन वाचवले आणि चोरले तर ते धरा २६ च्या सरासरीत.

२००७ चा टी-ट्वेन्टी वर्ल्डकप जिंकला तेव्हा फिल्डिंग कोच तोच होता. नंतर बरीच वर्षं मुंबई इंडियन्सबरोबर पण.

गुडलेंथ
फिल्डिंगचं मान्य, शंभर टक्के. कोचसाहेबांनी लिहिलंय ते मी पण बघितलंय. पण टेस्टचं काय? एकच टेस्ट मिळाली याला अन्याय म्हणणाऱ्यांना मी विचारतो, ९८ ला मधली फळी बघा, द्रविड, सचिन, अझर, गांगुली. पस्तिशीतल्या माणसाला कुणाच्या जागी घ्यायचं? तिथं मी हलणार नाही.

चेपॉक ते चिंचवड
टेस्टचं सोडून दिलं. ९१-९२ चं सांग. १९९२ च्या वर्ल्डकपला आपण आठ मॅचमधे दोन जिंकलो. खालच्या फळीत पळणारा, डाव्या हातानं खेळणारा, पाच-सहा ओव्हर टाकणारा, २८ वर्षांचा माणूस चेन्नईच्या चेपॉक ग्राउंडवर रन करत बसला होता. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या ग्राउंडवर दोन-तीन रन पळणारा माणूस नको होता?

गुडलेंथ
९२ चं उत्तर माझ्याकडे नाही. तिथं घ्यायला हवा होता.

पायरीवरचा
बास, एवढंच हवं होतं. टेस्टवर मी पण मागे येतो, पस्तिशीत एक टेस्ट मिळाली याचं मला दुःख नाही, पंचविशीनंतर दारच उघडलं नाही याचं आहे. भावाला हा धागा पाठवतोय. आणि लेगकटर, लेस्टरची मॅच पुन्हा लावून बघ एकदा, शेवटची ओव्हर नको, आधीच्या दहा ओव्हर बघ, तो सिंगल कशा काढतोय ते.