काडीमोडीनंतर गावातच राहावं का? आणि दुसरं स्थळ कधी बघावं? (चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वारणाकाठ
कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागल, राधानगरीकडं काडीमोड झालेली लेक माहेरी आली की दोन-चार महिन्यांत घाई सुरू होते. "अजून वय आहे, कुणी हिणवायच्या आत उरकून टाकू." माझं मत उलटं आहे. निदान दोन वर्षं स्थळ बघूच नये. त्या काळात गावात स्वतःच्या नावानं उभं राहावं, कारण गावात माणूस आपला होतो तो रोज चार ठिकाणी दिसून: डेअरीवर, बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत, म्हाईच्या, म्हणजे गावदेवीच्या जत्रेच्या, स्वयंपाकात. जोडीदारही बहुतेकदा तिथल्याच ओळखीतून मिळतो.

सुरुवात कागदांपासून. सासरच्या रेशनकार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. सासरचे तो काढून देत नाहीत आणि बाई वर्षभर वाट बघत बसते. कोर्टानं दिलेल्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत स्वतःच अर्ज द्यावा. मतदार यादीत पत्ता बदलायला नमुना ८ भरावा. आणि सगळ्यांच्या ध्यानातून निसटणारी गोष्ट म्हणजे बँक, विमा आणि भविष्यनिर्वाह निधीवरचं नामनिर्देशन. ते बदललं नाही तर तिथं जुन्या नवऱ्याचंच नाव राहतं.

मग दूध. वैरण ती आणते, धारा ती काढते, पण दूध भावाच्या सभासद क्रमांकावर जातं. म्हणजे कागदावर तिची कमाई शून्य. दूध संस्थेत स्वतःचं खातं काढावं, दहा दिवसांचं बिल स्वतःच्या बँकेत घ्यावं. एकाच म्हशीवर भागत नाही. ती आटली की दोन-तीन महिने हातात काही येत नाही. दोन असाव्यात, वेगवेगळ्या वेळी विणाऱ्या.

पंचगंगा घाट
ताई, कागदांचं सगळं बरोबर. पण "गाव आपलं करतं" हे मला मान्य नाही. गाव आपलं करतं ते अटींवर. डेअरीवर बोलतील, गटात कर्ज देतील, पण ओटी भरायची वेळ आली की ताट तिच्यासमोरून पुढं जातं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. मोठं काम झालं, अभिमान आहे. पण तो ठराव विधवांचा. काडीमोड झालेली बाई त्यात बसत नाही. ती सुवासिनी नाही आणि विधवाही नाही. तिला बोलवायचं की नाही, हे त्या घरची सासू त्या दिवशी ठरवते.

त्यापेक्षा शहर गाठावं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळतं, इचलकरंजीत शिलाईचं मिळतं. भाड्याची का असेना, स्वतःची खोली आणि आतून लागणारी कडी. तिथं कुणी विचारत नाही की नवरा कुठं असतो. आणि दोन वर्षं थांबा म्हणताय, तर अठ्ठाविसाव्या वर्षी येणारी स्थळं तिशीनंतर येत नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे.

दुधगंगा
स्थळांबद्दल बोलते. अठ्ठाविसाव्या वर्षी येतात ती कुठली स्थळं, हेही सांगा की. चाळिशीचा विधुर, पदरात दोन मुलं, घरात अंथरुणाला खिळलेली आई. त्यांना बायको नको असते, घर सांभाळणारं माणूस हवं असतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावं: आत्ता मुलांना शाळेत कोण सोडतं? आईचं कोण बघतं? लग्नानंतर ते काम कुणाकडं जाणार? गुळमुळीत उत्तर मिळालं तर उठून यावं.

दुसरा प्रकार आता वाढलाय. पस्तिशीचा, लग्नच न झालेला शेतकरी, स्थळं मिळत नाहीत म्हणून "काडीमोडीची चालेल" म्हणणारा. या "चालेल" शब्दाला मी भिते. पुढं प्रत्येक भांडणात तो "मी तुला पदरात घेतलं" म्हणून बाहेर येतो. पण सगळेच तसे नसतात. ओळखायची खूण सोपी आहे: पहिल्या लग्नाबद्दल तो चारचौघांत कसं बोलतो ते बघा. आवाज खाली आणत असेल, "हे गावात सांगायला नको" म्हणत असेल, तर आयुष्यभर लपवावं लागेल.

भेटी किमान चार-पाच व्हाव्यात, त्यातली एक त्याच्या गावात, न सांगता-सवरता. सात-बारा काढून सोसायटीचा आणि बँकेचा बोजा बघा. दूध संस्थेत चौकशी करा, तिथं माणसाचा व्यवहार सगळ्यांना ठाऊक असतो. मध्यस्थ लग्नाआधी रोख मागत असेल तर तिथंच थांबा.

कसबा बावडा
कायद्याचं थोडं, कारण सगळ्यात मोठी चूक इथं होते. पाचशेच्या स्टँपवर पंचांच्या सह्या घेऊन केलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे, नोटरीचा शिक्का असला तरी. जातीत काडीमोडीची रूढी आहे असं म्हणणाऱ्याला ती रूढी कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावी लागते, आणि ते सोपं नसतं. अशा कागदावर दुसरं लग्न केलं तर ते हिंदू विवाह कायद्यानं रद्दबातल ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हाही होतो. समोरच्या स्थळाचीही हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मागा. "झालंय सगळं" यावर विश्वास ठेवू नका.

परस्पर संमतीनं करायचं तर आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. योग्य प्रकरणात कोर्ट ती मुदत माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलंय. एकतर्फी किंवा लढवून मिळालेला हुकूमनामा असेल तर अपिलाची मुदत संपायच्या आत हळद लावू नका, सावधपणे ९० दिवस धरा. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, त्यामुळे अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

पोटगीचा गैरसमजही फार आहे. पुन्हा लग्न केलं की बाईची दरमहाची पोटगी थांबू शकते. मुलांची थांबत नाही, ती बापाची जबाबदारी राहतेच. वकिलाची फी नाही म्हणून कुणी स्टँपवर मिटवत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

भोगावती
भावांच्या बाजूनं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. दोन भाऊ, एक बहीण, दीड एकर ऊस. तीन वाटण्या केल्या तर वीस-वीस गुंठे. एकरी चाळीस टन धरला तर वीस टन, टनाला तीन हजार धरले तर साठ हजार. तेही बारा-चौदा महिन्यांनी, आणि त्यातून लागण, खत, पाणी, मशागत वजा. भाऊ वाईट नसतो, पण त्याच्या घरात दोन चुली पेटवण्याएवढं पीक नसतं. बहिणीनं हिस्सा मागितला की नातं तुटतं, मग कसलं आलंय आपलेपण?

वारणाकाठ
दादा, हिशोब बरोबर मांडलात. पण याच हिशोबाच्या धाकानं बायका पहिल्याच वर्षी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, त्याला माझा विरोध आहे. वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यांनी वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क जन्मानंच आहे हे पक्कं केलं. नुकतीच कोर्टातून आलेली बाई कशावरही सही करते, फक्त घरात शांतता राहावी म्हणून. वर्षभर कोणत्याच कागदावर सही नको, एवढंच म्हणणं आहे.

आणि वीस गुंठ्यांवरून भांडण्यापेक्षा गावठाणातली एक खोली मागा. वेगळं दार, वेगळा वीजमीटर, ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीत (तिलाही नमुना ८ म्हणतात) तिचं नाव. वडील हयात असतील तर राहत्या घराचं बक्षीसपत्र लेकीला करायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, नोंदणी आणि स्थानिक कर वेगळे. वडील गेल्यावर हेच भावाकडून करून घ्यायचं तर ही सवलत मिळत नाही. भाऊबीजेला भाऊ तिच्या दारात येईल, ती त्याच्या दारात पडून राहणार नाही. नातं टिकतं ते असं.

भोगावती
खोलीचं पटलं. हे वडिलांच्या समोर बोलायला पाहिजे, नंतर फार उशीर होतो.

हिरण्यकेशी
सगळे कागदांवर बोलताय, प्रेमावर कुणी नाही. गावात दोन माणसं एकमेकांना आवडली की पहिला अडथळा मोबाईल असतो. बोलणं लपून होतं, मग कुणीतरी बघतं, मग चर्चा होते आणि ती चर्चा फक्त बाईला चिकटते. उपाय एकच: घरातल्या एका मोठ्या माणसाला लवकर सांगायचं. आई, आत्या, मामी, कुणीही. "एक माणूस आहे, मला बरा वाटतो, अजून काही ठरलं नाही." एवढ्या एका वाक्यानं लपवाछपवी संपते.

मूल असेल तर त्याला आधी ओळख होऊ दे, नातं नंतर सांगा. "बाबा म्हण" अशी सक्ती कधीही नको. दाखल्यावर बापाचं नाव आहे तेच राहतं, नव्या नवऱ्याचं नाव नुसत्या लग्नानं लागत नाही. मूल हे सगळं शाळेत रोज ऐकत असतं.

आणि गाव जुन्या चालीचं म्हणून दुसरं लग्न होत नाही, हे खरं नाही. आपल्याकडं कुणब्यांत, मराठ्यांत म्होतूर, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, होतंच. फक्त ते रात्री लावायचे, वाजंत्रीशिवाय. विधवा पुनर्विवाहाचा कायदा शाहू महाराजांनी १९१७ मध्ये याच मातीत केला. म्हणून माझा आग्रह आहे की दुसरं लग्न दिवसाउजेडी व्हावं, मांडव घालून, पत्रिका छापून. साधं करा, पण चोरून करू नका. आणि ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी त्याच महिन्यात उरका.

पंचगंगा घाट
खोली, स्वतःचं दूधखातं आणि दिवसाउजेडी लग्न, हे तिन्ही जिथं होईल त्या गावात राहा, मी शहराचा हट्ट सोडते. जिथं होत नाही तिथं दोन वर्षं वाया घालवू नका, सहा महिन्यांत कळतं. ओटीच्या ताटाचं मात्र कुणीच उत्तर दिलं नाही.

वारणाकाठ
ताई, त्याचं उत्तर ठरावातच आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. तिथं विषय लेखी द्या, पाच-सहा जणींच्या सह्या असल्या की बाजूला सारणं अवघड जातं. ज्या गावांनी हेरवाडसारखा ठराव केलाय त्यांनी त्यात एक ओळ वाढवायची आहे. मजकूर असा ठेवता येईल:

"गावातील घटस्फोटित, परित्यक्ता व एकल महिलांना हळदी-कुंकू, ओटी भरणे, देवीची पूजा, म्हाई व सर्व सार्वजनिक कार्यक्रमांत इतर महिलांप्रमाणेच निमंत्रण व मान दिला जाईल."

खाली सूचक आणि अनुमोदक अशा दोघींची नावं लागतात. अनुमोदक शक्यतो गावातली एखादी वयस्कर सासू असावी.