बदामी, पट्टदकल, ऐहोळे एका दिवसात, स्वतंत्र गाइड आणि गाडी घेऊन जमेल का? सासूबाई सोबत आहेत

सिंहगडरोडवाली

नमस्कार मंडळी. डिसेंबरात कर्नाटकातल्या बदामीला जायचं चाललंय. बनशंकरी आमच्या सासरची कुलदेवी, सासूबाईंना जाऊन सात वर्षं झाली, त्यामुळे दर्शन तर पक्कंच आहे. पण मागच्या वेळी ओटी भरली, प्रसाद घेतला आणि थेट परत निघालो, तो लाल कडा फक्त गाडीच्या खिडकीतून दिसला आणि त्याची चुटपुट मला अजून आहे. या वेळी एक अख्खा दिवस फक्त लेणी आणि देवळं बघायला ठेवायचाय.

आम्ही चौघं. सासूबाई ७१, डावा गुडघा दुखतो, सपाटीवर छान चालतात पण पायऱ्या चढताना दर दहा पायऱ्यांना थांबावं लागतं. मुलगी आठवीत आहे, आठवड्यातून दोनदा क्लाइंबिंग वॉलवर जाते त्यामुळे तिला देवळांपेक्षा दगडात जास्त रस. नवऱ्याला इतिहास हवा. मला सगळंच हवंय, घाई नको एवढंच.

हॉटेलवाले म्हणतायत की एक गाडी, एक गाइड, सकाळी आठला निघायचं आणि बदामीची लेणी, महाकूटची देवळं, पट्टदकल, ऐहोळे आणि बनशंकरी सगळं संध्याकाळपर्यंत होतं. खरंच होतं का? गाइड दिवसभरासाठी एकच घ्यावा की प्रत्येक ठिकाणी तिथला वेगळा? आणि मुळात गाइडवर खर्च करावा का, की पाट्या वाचून भागतं? जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज मोकळेपणाने सांगा.

भटकी_कोथरूड

ताई, पाच ठिकाणं एका दिवसात "होतात", म्हणजे गाडीतून उतरून फोटो काढून परत गाडीत बसता येतं. अंतरं बघा, बदामीहून पट्टदकल २२ किलोमीटर, तिथून ऐहोळे अजून १३-१४, बनशंकरी दुसऱ्या दिशेला पाचेक किलोमीटर. अंतरं फार नाहीत, पण सासूबाईंची दमछाक चढउताराने होईल.

मी दोनदा गेलोय. पहिल्यांदा असाच "सगळं दाखवतो"वाला दिवस घेतला होता. पहिल्या लेण्यात तो अठरा हातांचा नटराज आहे ना, तिथे गाइडने पाठ केल्यासारखं सांगितलं की हातांच्या जोड्या लावल्या की ८१ मुद्रा होतात, आणि आम्ही मुद्रा बघायला लागेपर्यंत तो पुढच्या जिन्यावर पोचला होता. चारही लेणी पाऊण तासात उरकली. रात्री हॉटेलवर बायकोने विचारलं तिसऱ्या लेण्यात काय होतं, तर मला सांगता येईना, इतकं वाईट वाटलं.

दुसऱ्या वेळी आदल्या संध्याकाळीच गाइडला भेटलो, चहा घेतला आणि स्पष्ट सांगितलं की आम्हाला कमी जागा बघायच्यात पण नीट बघायच्यात, तुम्हाला स्वतःला जे आवडतं ते दाखवा. माणूस एकदम खुलला. तिसऱ्या लेण्यात त्याने आम्हाला अर्धा तास थांबवलं. तिथे कोरलेला लेख आहे, शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८, कार्तिकी पौर्णिमेचा दिवस. चालुक्य राजा कीर्तिवर्मा राज्यावर असताना त्याच्या धाकट्या भावाने, मंगलेशाने हे विष्णूचं लेणं पूर्ण केलं आणि देवाच्या पूजेसाठी एक गाव लावून दिलं. कार्तिकी पौर्णिमा म्हटल्यावर माझ्या आईने तिथल्या तिथे हात जोडले, दीड हजार वर्षांपूर्वीची तारीख पण तिथी आपल्या घरातली. नंतर त्याने आम्हाला छज्जाखाली उभं केलं आणि म्हणाला बोलू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. दोन-तीन मिनिटांनी वरच्या वळणावर पुसट रंग दिसायला लागले, जुन्या चित्रांचे उरलेसुरले तुकडे. पहिल्या वेळी मी त्याच्याच खाली उभा राहून मोबाइल बघत होतो.

म्हणून गाइड घ्याच, आणि दिवसभरासाठी एकच घ्या. प्रत्येक ठिकाणी नवा घेतला की प्रत्येक जण चालुक्य राजा पुलकेशीपासून सुरू करतो आणि तुम्ही तीच गोष्ट तीनदा ऐकता. एकच असला की सकाळी बदामीत दाखवलेलं दुपारी पट्टदकलला जोडून सांगतो. पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेला बघा, किती तास, कोणती भाषा, जेवण कोणाकडे हे आधी बोलून घ्या. आमच्यावाल्याला हिंदी चांगलं यायचं आणि मराठी समजायचं, आई मराठीत विचारायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा, काही अडलं नाही.

पायऱ्यांचं सांगतो. पहिलं लेणं साधारण चाळीस पायऱ्यांवर आहे, चौथ्यापर्यंत सगळ्या मिळून दोनशेच्या आत-बाहेर. पायऱ्या दगडी आणि काही ठिकाणी उंच आहेत. सासूबाईंनी पहिलं लेणं बघून थांबलं तरी चालेल. जमलंच तर तिसरं, पण ऊन तापायच्या आत.

दगड_वाचन

मी भूशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. भटकींनी इतिहासाचं सांगितलंच आहे, मी तुमच्या लेकीसाठी लिहितो कारण तिला दगडात रस आहे आणि बदामीत दगड बघायला शिकलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं असं माझं ठाम मत आहे.

जायच्या आधी एका रविवारी तिला जंगली महाराज रोडवरच्या पाताळेश्वरला घेऊन जा. तो आपला बेसॉल्ट, काळा, लाव्हा थंड होऊन झालेला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. खांब जाड, चौकोनी, साधे. तिथल्या खांबाकडे दोन मिनिटं नीट बघू दे. मग बदामी. तिथला दगड वालुकाश्म, म्हणजे वाळूचे थर साचून, दबून, घट्ट होऊन झालेला, आणि तो आपल्या दख्खनच्या काळ्या दगडापेक्षा कितीतरी पटींनी जुना, त्या काळी जमिनीवर झाडं नव्हती की जनावरं नव्हती. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, सोप्या शब्दात गंजाचा.

आता बघायचं काय ते. लेण्यांच्या भिंतीवर आणि खांबांवर आडव्या रेघा दिसतील, ते थर. पण काही पट्ट्यांमध्ये बारीक रेघा तिरप्या जातात, एका बाजूला कललेल्या, आणि त्यांच्या वरची पट्टी पुन्हा सरळ. त्या तिरप्या रेघा म्हणजे वाहत्या पाण्याने वाळू एका दिशेला ढकलत नेल्याची खूण. मूर्तीच्या दंडावरून, मांडीवरून त्या रेघा गेलेल्या दिसतात, शिल्पकाराने मूर्ती घडवली त्याच्या कितीतरी आधी पाण्याने ती वाळू रचून ठेवली होती. तिसऱ्या लेण्यात शेषावर बसलेल्या विष्णूसमोर उभं राहून हे बघा, हात न लावता. गाइडला सांगून ठेवा की डोंगरावर कुठे दगडात पाण्याच्या लाटांसारख्या वळ्या दिसतात का ते दाखव, नदीकाठच्या ओल्या वाळूवर असतात तशा.

कडे इतके सरळ तुटलेले का, तर दगडात उभ्या भेगा आहेत, त्या भेगांवरून दगड सुटतो आणि उभी भिंत उरते. दोन भेगांमधला भाग झिजून गेला की घळ होते. लेकीला म्हणावं एक छोटी वही ने आणि एका खांबाचं चित्र काढ, रेघांसकट.

दोरवाला

काकांशी सहमत. आम्ही पुण्याचे बरेच जण थंडीत बदामीला चढाईलाच जातो, लाल दगडावर बोल्ट मारलेले रूट्स आहेत, बोटांना पकड मस्त मिळते. पण ताई, मुलीला आधीच सांगा की लेण्यांच्या आणि देवळांच्या आसपास चढायचं नाही, तो संरक्षित भाग आहे, आणि दोर, हार्नेस, अनुभवी माणूस असल्याशिवाय इतरत्रही नाही.

तिच्यासाठी सगळ्यात भारी जागा म्हणजे म्युझियमच्या बाजूने उत्तरेच्या किल्ल्यावर जाणारी वाट. दोन्ही बाजूंना लाल भिंती, मधे अरुंद घळ, वर आकाशाची एक पट्टी, भर दुपारी पण आत गार. वर शिवालयं आहेत आणि तिथून अख्खं तळं, समोरची लेणी, गाव सगळं खाली दिसतं. लेक, तिचे बाबा आणि गाइड वर जाऊ देत, तुम्ही आणि आजी तळ्याकाठून सपाट वाटेने भूतनाथ मंदिराकडे चालत जा. तळ्याच्या पूर्व टोकाला आहे, संध्याकाळचं ऊन त्याच्यावर आणि मागच्या कड्यावर पडतं तेव्हा तिथे नुसतं बसून राहावं. गाण्याचा स्पीकर वगैरे कोणी लावला तर आजींनी त्यांना रागवावं, माझ्याकडून परवानगी.

माकडांपासून सांभाळा, हातात पिशवी, बाटली काही दिसू देऊ नका.

ताम्रपट

वर कोणी स्पष्ट लिहिलं नाहीये पण रोख तोच दिसतोय की काहीतरी गाळायचं तर ऐहोळे गाळा. माझी कळकळीची विनंती, मराठी माणसाने ऐहोळे गाळू नये.

तिथे टेकडीवर मेगुती नावाचं जैन मंदिर आहे, शके ५५६ म्हणजे इसवी सन ६३४ चं. त्याच्या भिंतीवर रविकीर्तीचा संस्कृत शिलालेख आहे, दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती. हर्षवर्धनाला हरवल्याचं त्यात आहे, हे शाळेत शिकलेलं असतं. पण त्यातच असं आहे की पुलकेशी ९९ हजार गावं असलेल्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला. ज्या नावाने आपण स्वतःला ओळखतो ते नाव सातव्या शतकात त्या दगडावर कोरलेलं आहे. शेवटी रविकीर्ती स्वतःची तुलना कालिदास आणि भारवीशी करतो, त्यामुळे कालिदासाचा काळ ठरवताना अभ्यासकांना हा लेख पुन्हा पुन्हा लागतो. मी पहिल्यांदा त्या भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा एक अक्षर वाचता येत नव्हतं, गाइडने ओळीवर बोट धरल्यासारखं लांबून दाखवत दाखवत नेलं आणि अंगावर काटा आला. पाटी वाचून हे होत नाही.

मेगुतीला पायऱ्या आहेत, सासूबाईंनी चढायची गरज नाही. खाली दुर्गा मंदिराचं आवार सपाट आहे, मागून गोल वळलेलं ते देऊळ त्यांना बाहेरून फिरून बघता येईल. नाव दुर्गा असलं तरी ते देवीवरून नाही, दुर्ग म्हणजे किल्ल्यावरून पडलंय हे त्यांना सांगा, आवडेल.

महाकूट गाळा, किंवा बनशंकरी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. दर्शनाला घड्याळ लावून जाऊच नये.

सिंहगडरोडवाली

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खरंच आभार. रात्री जेवताना सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. कार्तिकी पौर्णिमेचं ऐकून त्या म्हणाल्या मी तिसऱ्या लेण्यापर्यंत जाणार, कितीही वेळ लागू दे. त्यामुळे आता असं ठरवतेय. पहिल्या दिवशी सकाळी लवकर बदामीची लेणी, फक्त तीच, मग हॉटेलवर आराम. दुपारनंतर म्युझियम, बापलेक घळीतून वर, आम्ही दोघी भूतनाथला. दुसऱ्या दिवशी पट्टदकल आणि ऐहोळे. तिसऱ्या दिवशी सकाळी बनशंकरी आणि मग परतीचा रस्ता. एक दिवस वाढतोय पण नवरा तयार आहे. गाइड पहिले दोन्ही दिवस तोच घेणार, आदल्या संध्याकाळी भेटून.

अजून दोन शंका, पहिला दिवस शुक्रवार येतोय, चालेल का? आणि पट्टदकलला सासूबाईंना चालणं झेपेल का?

भटकी_कोथरूड

शुक्रवार नको ताई, पुरातत्व खात्याचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं. लज्जागौरीची, म्हणजे डोक्याच्या जागी कमळ असलेल्या देवीची मूर्ती तिथेच आहे, ती चुकवू नका. एक दिवस पुढे सरका.

पट्टदकल सपाट आहे, हिरवळ, फरसबंद वाट, बसायला सावली. नागर म्हणजे उत्तरेकडची आणि द्राविड म्हणजे दक्षिणेकडची, दोन्ही धाटणीची शिखरं शेजारी शेजारी उभी आहेत, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीने बांधलं, नवऱ्याने, दुसऱ्या विक्रमादित्याने कांची जिंकली त्याची आठवण म्हणून, आणि शेजारचं मल्लिकार्जुन तिच्या सख्ख्या बहिणीने, ती पण त्याचीच राणी. वेरूळचं कैलास बघितलं असेल तर विरूपाक्ष बघताना ओळखीचं वाटेल. सासूबाईंना मागच्या दाराने मलप्रभेच्या काठावर नक्की न्या, तिथे नदी उत्तरेकडे वळते म्हणून ती जागा पवित्र मानतात.

बनशंकरीला देवळाबाहेर गावच्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात, ज्वारीची भाकरी, पुंडी पल्या म्हणजे आपली अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि मडक्यातलं दही. हॉटेलात नाश्ता करून जाऊ नका, तिथेच तळ्याच्या काठाला बसून खा. डिसेंबरात जाताय ते बरं, पौष पौर्णिमेला जत्रा असते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

सिंहगडरोडवाली

शनिवार धरला. सोलापूर-विजापूर मार्गे गाडीनेच येतोय, पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, मधे विजापुरात जेवून पुढे. आणि दगडवाले काका, काल पाताळेश्वरला जाऊन आलो. लेकीने वहीत खांब काढलाय, बाजूला लिहिलंय "इथे रेघा नाहीत". बदामीचं पान तिने समोर कोरं सोडलंय.