प्रौढांना 'त' आणि 'ट' वेगळे का ऐकू येत नाहीत?

प्रश्न: मातृभाषा इंग्रजी असलेल्या प्रौढांना मी मराठी शिकवते. 'ताक' आणि 'टाक' कितीही सावकाश म्हटले, तरी त्यांना ते सारखेच ऐकू येतात. हा कानांचा दोष आहे का?

उत्तर १: नाही. इंग्रजीतील या जातीचा वर्ण उच्चारताना जीभ हिरडीला, म्हणजे आपल्या 'त' आणि 'ट' यांच्या मधल्या जागी टेकते. त्यामुळे इंग्रजी भाषकाचे मन आपले दोन्ही ध्वनी त्या एकाच वर्णात जमा करते. वर्कर आणि टीस या मानसशास्त्रज्ञांच्या १९८४ मधील संशोधनात इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतील हा भेद कळत होता, वर्षाच्या सुमारास मात्र फारच थोड्यांना कळला.

उत्तर २: प्रौढपणीही हा भेद शिकता येतो, याबद्दल निश्चिंत असावे. जपानी प्रौढांना इंग्रजीतील 'र' आणि 'ल' शिकवताना अनेक व्यक्तींचे आवाज, निरनिराळे शब्द आणि प्रत्येक उत्तरानंतर लगेच चूक की बरोबर हे सांगणे, या पद्धतीचा चांगला उपयोग झाला. केवळ ऐकण्याच्या सरावाने त्यांचे उच्चारही सुधारले. आपणही चार-पाच जणांचे आवाज ध्वनिमुद्रित करून घ्यावेत.

उत्तर ३: सुरुवात 'पात' आणि 'पाट' यांनी करावी, कारण मूर्धन्य, म्हणजे जीभ मागे वळवून उच्चारलेल्या 'ट'सारख्या, व्यंजनाची खूण आधीच्या स्वराच्या शेवटी अधिक ठळक उमटते.